तेराव्यानंतरचे तीन महिने: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी मंडळे, महिला मंडळे व गणेशोत्सव समित्या यांचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आषाढ सरत आला की आपल्या मंडळांची पावतीपुस्तकं छपाईला जातात. चार वर्षं मीही एका मंडळाच्या कार्यकारिणीत होते, त्यामुळे हे वेळापत्रक मला पाठ आहे. यंदाची पुस्तकं छापखान्यात जायच्या आत हे पत्र तुमच्या बैठकीत वाचलं जावं, म्हणून घाईनं लिहिते आहे. अडचणीत सापडलेल्या बायकांच्या मदतीसाठी त्या पावतीवर आणखी एक ओळ असावी, असं माझं म्हणणं आहे.

मी बँकेत नोकरी केली. एकतीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी काउंटरवर. काउंटरमागे बसणाऱ्याला लोकांच्या घरातल्या गोष्टी न विचारता कळत जातात. नवरा गेलेली बाई साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी यायची. तेरावं उरकलेलं, पाहुणे आपापल्या गावी परतलेले. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याचं पासबुक आणि मृत्यूचा दाखला, सोबतीला बहुधा शेजारचा एखादा कॉलेजातला मुलगा. "ताई, ह्यातले थोडे काढून मिळतील का? दूधवाल्याचे द्यायचे राहिलेत."

खात्यात पैसे असायचे. पण खातं एकट्याच्या नावावर, आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलेलंच नाही. किंवा लावलेलं असलं तर लग्नाआधीचं, त्याच्या आईचं, आणि आईला जाऊन दहा वर्षं झालेली. मग अर्ज, हमीपत्र, साक्षीदार, सगळ्या वारसांच्या सह्या. सर्व कागद हाती आल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण कागद पुरे व्हायलाच दोन-अडीच महिने लागतात. मोठा मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, सासूबाई धाकट्या दिराकडे, आणि धाकटे दीर म्हणतात, आई आत्ता सही करायच्या मनःस्थितीत नाही. दूधवाला मात्र पहिल्या तारखेला दारात उभा.

अशा वेळी मी त्या पासबुकात एक नोंद शोधत असे. मे महिन्याच्या अखेरीची, ४३६ रुपयांची. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हा वर्षाचा हप्ता. २०२२ पर्यंत तो ३३० रुपये होता. तेवढी रक्कम कापली गेली असेल तर माणसामागे २ लाखांचा विमा असतो. शेजारी २० रुपयांची नोंद दिसली आणि मृत्यू अपघाती असला तर आणखी २ लाख. घरात कुणालाच याचा पत्ता नसायचा. कधीतरी बँकेत कुणीतरी फॉर्मवर सही घेतली, माणूस विसरून गेला, बायकोला सांगायचं राहिलं. एकीला मी ती ओळ बोटानं दाखवली तेव्हा ती बराच वेळ नुसती बघत राहिली. नवऱ्याचं पासबुक तिनं देवघरात ठेवलं होतं. उघडून पाहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून ह्याच बायकांसोबत कचेऱ्यांतून फिरते आहे. त्यातून माझी एक समजूत पक्की झाली आहे आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. अडचणीतल्या बाईसाठी तरतूद असते, पण ती तीन महिन्यांनी हातात पडते. ते तीन महिने कुणाचेच नसतात. सरकारचे नाहीत, बँकेचे नाहीत, नातलगांचे तेराव्यापर्यंतचेच. ते तीन महिने आपल्या मंडळांनी उचलावेत.

नवरा गेलेल्या बाईविषयी आधी बोलले, कारण तिच्याविषयी बोलणं सोपं असतं. समाजाला तिची दया येते, निदान पंधरा दिवस तरी. जिला घराबाहेर काढलं जातं तिला तेरावं नसतं, भेटायला येणारे नसतात, भाजीचा डबा आणणारी शेजारीण नसते. तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्द आहे 'टाकलेली'. शिळं अन्न टाकतात, फाटकं धोतर टाकतात, आणि तेच क्रियापद आपण आपल्या मुलीबाळींसाठी वापरत आलो. आपल्या घरांतल्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईकडे दिल्या जातात. त्यातलीच एखादी सकाळी अवंतिका एक्सप्रेसमधून उतरते, कडेवर मूल, एक बॅग, आणि आईला फोन करावा की नाही या विचारात प्लॅटफॉर्मवर तासभर बसून राहते. ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. त्या बाकावर मी तिच्या शेजारी बसले आहे.

पुढे काय होतं ते ऐका. आपल्या मध्य प्रदेशात कुठल्याही योजनेला समग्र आयडी, म्हणजे कुटुंबाचा सरकारी नोंदणी क्रमांक, लागतो. लग्न होऊन गेल्यावर तिचं नाव माहेरच्या कुटुंबातून निघालेलं असतं. महाराष्ट्रातल्या योजनांना तिथला रहिवास हवा, आणि ती तर इथे आली. आधार पुण्याच्या पत्त्यावर, रेशनकार्ड सासूच्या ताब्यात, लग्नाचा दाखला कपाटात कुलूपबंद. दोन राज्यांच्या मधोमध ती उभी असते. इंदुरातच दिलेल्या मुलीचं दुखणं निराळं. तिचं नाव सासरच्या कुटुंबाच्या समग्रमध्ये अडकलेलं असतं, घराचं उत्पन्न म्हणून सासऱ्यांचं उत्पन्न धरलं जातं, आणि वेगळं कुटुंब म्हणून नोंद करून घ्यायला महापालिकेच्या झोन ऑफिसच्या फेऱ्या सुरू होतात. तिथे बाबू विचारतो, "पति का नाम क्यों हटाना है?" चार माणसांसमोर.

मदतीचे सरकारी रस्ते आहेत आणि ते आपल्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला तोंडपाठ असायला हवेत. महिलांसाठीचा १८१ क्रमांक चोवीस तास चालतो. वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशन हे एका छताखाली मिळतं, रात्री राहायची सोयही होते. पण ती सोय पाच दिवसांची. सहाव्या दिवशी कुठे जायचं? १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तिला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हे वाक्य तर प्रत्येक मंडळाच्या फलकावर लिहून ठेवावं असं मला वाटतं, कारण "घर माझ्या नावावर आहे, निघ" एवढं ऐकून आपल्या मुली मध्यरात्री बाहेर पडतात. पोटगीचा अर्ज केला तर तात्पुरत्या पोटगीचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. म्हणजे कागदावर सगळं सुरळीत झालं तरी दोन महिने. प्रत्यक्षात पहिली नोटीसच परत येते, पत्त्यावर कुणी सापडलं नाही म्हणून.

नवरा गेलेल्या बाईसाठी इथे कल्याणी पेन्शन आहे. विधवा हा शब्द सरकारनं काढून टाकला ते चांगलंच केलं. पण रक्कम महिन्याला ६०० रुपये. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी लाडली बहना योजना जून २०२३ मध्ये १००० रुपयांनी सुरू झाली, पुढे वाढली, आणि कितीतरी घरांत त्या पैशानं खरोखर हातभार लावला, हे मी पासबुकांत पाहिलं आहे. मात्र साठ पूर्ण झाली की ती थांबते. पोळ्या लाटून, डबे करून पोट भरणारी बाई साठाव्या वर्षी काही कमी भुकेली होत नाही. उलट तेव्हाच तिचे गुडघे जातात आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. भंवरकुआच्या कोचिंगच्या मुलांना वर्षानुवर्षं डबे पोचवणाऱ्या एक काकू आहेत. आता त्यांच्या हाताला कंप आहे. त्यांनी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, आणि आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही.

हक्काचा पैसा आणि चुलीचा पैसा यात किती अंतर पडू शकतं, ते ह्या शहराला कुणी वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. बत्तीस वर्षं! तोवर कितीतरी कामगार गेले होते आणि हक्क सांगायला मागे त्यांच्या बायका उरल्या होत्या. मधल्या बत्तीस वर्षांत त्या घरांत रोज संध्याकाळी स्वयंपाक व्हायचा होताच ना?

आता आपल्याविषयी. हे लिहिताना मला त्रास होतो आहे, पण लिहायलाच हवं. ज्या मंडळाच्या कार्यकारिणीत मी होते, त्याच्या वार्षिक कार्यक्रमात एका बाईला शिलाई मशीन दिलं गेलं. मंचावर बोलावून, शाल पांघरून, अध्यक्षांच्या हस्ते. तिची परिस्थिती माईकवरून सांगितली गेली, नवऱ्याच्या व्यसनासकट. फोटो निघाले. रात्रीपर्यंत ते सगळ्या ग्रुपांवर फिरले आणि आठवीत शिकणाऱ्या तिच्या मुलीच्या वर्गातही पोचले. पुढचा आठवडाभर ती पोर शाळेत गेली नाही. त्या बाईला शिवण येतच नव्हतं. तिला हवं होतं दोन महिन्यांचं घरभाडं आणि मुलीची सहामाही फी, आणि हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. वर्षभरानं तिनं मशीन निम्म्या किमतीत विकलं. ते कळल्यावर आमच्या बैठकीत एक जण म्हणाले, "बघा, ह्यांना द्यावं तर असं." मी त्या बैठकीत होते. मंचासमोर बसून टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या दिवशी मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाहीच. मदत घेणाऱ्या बाईचा फोटो निघणार नाही, तिचं नाव अहवालात येणार नाही, तिला मंचावर बोलावलं जाणार नाही, असा ठराव आधी करा. देणाऱ्यांचा सत्कार हवा तेवढा करा, माझी काही हरकत नाही. माणूस कौतुकानं देतो, यात वाईट काय? पण घेणाऱ्याचं नाव झाकलेलं राहू द्या.

मग पैसा. उत्सव बंद करा, नाटकं बंद करा असं मी म्हणत नाही. पुण्याहून नाटक आलं की पहिल्या रांगेत मी असते. परमुलखात दोन-अडीचशे वर्षं आपण मराठी म्हणून टिकलो ते ह्या उत्सवांमुळे आणि नाटकांमुळेच. मी फक्त पावतीवर आणखी एक ओळ मागते आहे. समजा सगळ्या मंडळांची मिळून पाचशे घरं तयार झाली आणि घरटी महिन्याला १०० रुपये निघाले, तर महिन्याचे ५०,००० आणि वर्षाचे ६ लाख होतात. एका बाईला तीन महिने ८,००० रुपयांप्रमाणे दिले तर २४,००० लागतात. म्हणजे वर्षाला पंचवीस घरांतले ते कुणाचेच नसलेले तीन महिने भरून निघतात. १०० रुपयांत आज छप्पन दुकानवर चौघांचं खाणंही होत नाही. हिशोब मी चार वेळा तपासला आहे. जुनी सवय.

थोडं-थोडं गोळा करून मोठं काम उभं करणं आपल्याला नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. विधवांसाठी कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला, हे आपण मुलांना शिकवतो. पण त्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी मागणाऱ्या त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले कुणाला आठवतात? तरुणपणीच वैधव्य आलेली ही बाई अनोळखी माणसांच्या दारात उभी राहून दुसऱ्या विधवांसाठी पैसे मागायची. पुढे १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, आणि तिथेही आश्रमासाठी मदत मागत राहिल्या. वर्गणी मागायला लाज वाटते असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात.

आणि अहिल्याबाई तर आपल्याच. दर वर्षी आपण पालखी काढतो, पुतळ्याला हार घालतो. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या, त्या आपल्या खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून; राज्याच्या खजिन्यावर त्यांनी तो भार टाकला नाही, ही गोष्ट आपण भाषणात सांगतो. त्यातलं मर्म मला असं दिसतं की खासगी हे चालू राहणारं उत्पन्न होतं. एका दिवसाच्या उत्साहावर ते दान अवलंबून नव्हतं. महेश्वरला विणकर आणून वसवले तेही असंच. तिथल्या मागांवर आज कितीतरी बायकांचं घर चालतं. मला आपल्या मंडळांची एक लहानशी खासगी हवी आहे.

चालवायची कशी, याबद्दल थोडं बोलते, कारण अनुभव तिथलाच आहे. खातं स्वतंत्र असावं, उत्सवाच्या खात्यात हा पैसा मिसळू नये, नाहीतर मंडपवाल्याची उचल आधी जाते. सह्या दोघांच्या, त्यात एक बाई असलीच पाहिजे. निर्णय मंडळातल्या तिघी बायकांनी घ्यावा आणि तो चोवीस तासांत घ्यावा. कार्यकारिणीची बैठक, कोरम, पुढचा रविवार, ह्यात तिचा महिना जातो. अर्जाचा फॉर्म एका पानाचा. उत्पन्नाचा दाखला पहिल्या दिवशी मागू नका. एखादी फसवेल, मान्य आहे. एकतीस वर्षं बँकेत काढून सांगते, फसवणारा माणूस कागद नेहमी पुरे आणतो. हिशोब दर तीन महिन्यांनी फलकावर लावा: किती जमा, किती घरांना, किती शिल्लक. नावं नाहीत. ज्या संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) नोंदणी आहे तिनंच कर सवलतीचं बोलावं, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधी सांगावं. खोटं आश्वासन दिलं की पुढच्या वर्षी ते घर दार उघडत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला पैशाइतकीच मोठी वाटते: सोबत. झोन ऑफिसात, पोलीस ठाण्यात, कोर्टात, बँकेत बाईबरोबर कुणीतरी जायला हवं. बोलायलाही लागत नाही फारसं. शेजारच्या खुर्चीवर एक पांढऱ्या केसांची बाई बसलेली असली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, निवृत्त तहसील कर्मचारी आहेत, वकील आहेत, दुपारी मोकळ्या असलेल्या कितीतरी जणी आहेत. प्रत्येक मंडळानं अशा पाच-सहा नावांची यादी केली, तर माझ्या माहितीत त्याला एक रुपयाही लागणार नाही. पासबुकातली ४३६ ची ओळ वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे द्या.

एक अवघड विषय राहिला. आपली मंडळं पोटजातींत वाटली गेली आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. ह्या निधीच्या फॉर्मवर जातीचा रकाना नसावा. आणि दाराशी आलेली बाई मालवी किंवा निमाडी बोलत असली तर तिला परत पाठवायचं का? शेजारच्या भाभीनं आपल्या अडीअडचणीला रात्री गाडी काढली आहे, आपल्या मुलांना जेवू घातलं आहे. निधी मराठी माणसांनी जमवावा, आणि देताना फक्त गरज बघावी, असं माझं मत आहे. यावर तुमच्यात वाद होईल. होऊ द्या, पण तो पावतीपुस्तकं छापायच्या आत मिटवा.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम. आहेच. पेन्शन वाढावी म्हणून अर्ज करायला मी सगळ्यांच्या पुढे उभी राहीन. पण प्लॅटफॉर्मवरच्या त्या बाकावर सकाळी सरकार येऊन बसणार नाही. तिथे आपल्यातलं कुणीतरी लागतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून लिहिते. माहेरी जागा नव्हती, भावाचं नवं लग्न होतं. आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून तिला सुदामा नगरात एक खोली घेऊन दिली, तीन महिन्यांचं भाडं भरलं. चौथ्या महिन्यात तिला एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालं आणि पाचव्या महिन्याचं भाडं तिनं स्वतः दिलं. पोटगीचा खटला अजून चालू आहे. तिच्यानंतर दोघींची वेळ आली तेव्हा आमच्या चौघींकडचे पैसे संपले होते. त्या दोघींना आम्ही काही देऊ शकलो नाही. म्हणूनच हे पत्र.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते सहा मी मोकळी असते. जे मंडळ पहिलं हो म्हणेल त्याच्या कार्यालयात येऊन बसेन, खातं उघडण्यापासून सगळं करून देईन. पावतीवर टाकायच्या ओळींचा मसुदा सोबत देते, छापखान्याला असाच धाडला तरी चालेल:

उत्सव वर्गणी रुपये ........
महिला साहाय्य निधी रुपये ........
दोन्ही रकमा वेगळ्या खात्यांत जमा होतील. मदत घेणाऱ्यांची नावे गुप्त ठेवली जातील.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
रामबाग, इंदूर